सातव्या हाकेतला मी

मॉर्व्हन गेडिसने पीएच.डी.ला नाव घातलं तेव्हा तिच्या वडिलांनी एवढंच विचारलं होतं, "म्हणजे त्या भोकांच्या पुस्तकावर तू आणखी पुस्तक लिहिणार?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. इफी मकॅस्लन ही कवयित्री ग्रीनॉकची आणि गेडिस मंडळीही ग्रीनॉकचीच. त्या गावात 'अकरा हाका' ही कविता वाचलेला माणूस शोधून सापडायचा नाही, पण तिच्यात भोकं आहेत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. इफी शाळेत शिकवायची. पहिल्या महायुद्धात तिचा भाऊ समुद्रात बुडाला. त्याला अकरा वेळा हाक मारणारी एक लांबलचक कविता तिने लिहिली. प्रकाशकांपैकी कुणी हात लावेना म्हणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर छोटं छपाईयंत्र बसवलं, एकेक खिळा, म्हणजे शिशाचं सुटं अक्षर, जुळवून कविता स्वतःच छापली, आणि हस्तलिखित चुलीत घालून जन्मभर त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. उरली ती छापील पुस्तिका आणि तिच्यातली सातवी हाक.

सातव्या हाकेत 'मी' गळतो. इंग्रजीतला 'मी' म्हणजे एकच अक्षर, काठीसारखा उभा मोठा 'आय'. सातव्या हाकेच्या मध्यावर तो एकाएकी दिसेनासा होतो आणि त्याच्या जागी नुसती कोरी जागा राहते. 'धक्क्यावर उभी होते' याच्या आधी कोरी जागा, 'नाव घेतलं' याच्या आधी कोरी जागा, अशा ओळींमागून ओळी. पान उलटून आठव्या हाकेवर यावं तर 'मी' परत हजर! या कोऱ्या जागांवर इंग्रजीच्या विभागांनी जेवढी शाई सांडली तेवढी खुद्द इफीने आयुष्यात वापरली नसेल. पण काही म्हणा, त्या ओळी वाचताना रडू येतं हे खरं. कितीही पंडित होऊन वाचा, येतंच.

या साऱ्या शाईत अर्ध्याहून अधिक वाटा एकट्या एल्स्पेथ रँकिन यांचा. ग्लासगोच्या विद्यापीठात त्या तीस वर्षं शिकवत होत्या आणि त्यांचं 'गळालेला मी' हे पुस्तक आधुनिक कवितेच्या कुठल्याही वर्गात पहिल्या आठवड्यात वाचायला लावत. बाईंचं म्हणणं थोडक्यात असं, की इफीने आधीपासून योजून, मोजूनमापून 'मी' विरघळवला. भावाबरोबर बहिणीचा 'मी'ही बुडतो आणि आठव्या हाकेत नवा होऊन वर येतो. मॉर्व्हनने हे पुस्तक पदवीच्या वर्गात वाचलं, दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी ठरवलं, की शिकायचं तर याच बाईच्या हाताखाली. आता ती शिकत होती. तिचा प्रबंध 'गळालेला मी'च्या खांद्यावर उभा होता, दोन प्रकरणं झाली होती, आणि विभागापुढे तिसरं प्रकरण वाचून दाखवायचा बुधवार जवळ आला होता. ते मंडळींना पटलं तर पुढची वाट मोकळी, नाही तर पीएच.डी.ऐवजी खालची पदवी हातात घेऊन घरी. त्या बुधवारी रँकिनबाई अध्यक्षस्थानी बसणार होत्या. निवृत्तीआधीची त्यांची ती शेवटचीच सभा.

निरोपाची भेट म्हणून पोरांनी ठरवलं, की सातव्या हाकेची दोन पानं हाताने जुळवून, छापून, चौकटीत बसवून बाईंना द्यायची. विभागाच्या तळघरात छपाईची खोली होती. जुनी पुस्तकं कशी घडली ते हातांना कळावं म्हणून संशोधन करणाऱ्या प्रत्येकाला एक सत्र तिथे बोटं काळी करावी लागत. खोलीची किल्ली स्ट्रूअन पिरीकडे असे. हा मॉर्व्हनच्याच वर्षाचा, ॲबर्डीनकडचा, तोंडाने फटकळ आणि मनाने लोणी. इफीने वापरली तशीच खिळ्यांची पेटी त्याने मिळवली होती. एडिनबराची एक ओतशाळा हौशी लोकांसाठी अशा लहान पेट्या विकायची. प्रत्येक पेटीत प्रत्येक अक्षर ठरलेल्या संख्येने, ना एक कमी ना एक जास्त.

दुपारभर दोघं जुळवत बसली. यंत्र लहान, पण समोरासमोरची दोन पानं त्यावर एकदम बसत. ती छापून झाली की खिळे सुटे करून आपापल्या खणात परत टाकायचे आणि मग पुढची दोन पानं घ्यायची, अशी रीत.

"अरे, हा काय लावलास? हा आकडा आहे, एकचा," मॉर्व्हन चिमट्याने खिळा उपसत म्हणाली.

"दिसतात सारखेच मेले. बुटका आय म्हणजे एक, उंच आय म्हणजे मी. तूच वाच बाई, माझे डोळे गेले."

"डोळे नाही, लक्ष गेलंय. सॉसेजच्या रोलकडे."

"सकाळपासून उपाशी ठेवलंयस, दुसरं काय होणार?" स्ट्रूअनने आणखी एक आय लावला आणि खणात बोटं फिरवली. "वा! मोजून लिहिलंय हो बाईने. हा शेवटचा. पेटीत आय अठरा, आणि इथवर लागले अठरा. आता पुढे सगळी कोरी जागा. आणखी एक 'मी' लिहिला असता तर आपण बसलो असतो बोंबलत."

तो हसला आणि चहाच्या किटलीकडे वळला. मॉर्व्हनला हसू आलं नाही. तिने खणात पाहिलं, पुस्तिकेत पाहिलं आणि पुन्हा खणात पाहिलं.

"स्ट्रूअन, तीही बसली असणार."

"कोण?"

"इफी. अशीच, बोंबलत. तिचे आय संपले."

स्ट्रूअनने किटली खाली ठेवली. मग त्याने हळूच शिट्टी वाजवली. "हे रँकिनबाईंना तू सांगणार आहेस, का मी पळून जाऊ?"

त्या आठवड्यात मॉर्व्हनने पुस्तिकेतली पानांची प्रत्येक जोडी मोजून काढली. कुठे सात आय, कुठे तेरा, एका ठिकाणी सतरा. सातव्या हाकेच्या जोडीत बरोबर अठरा, आणि मग कोरी जागा. पुढच्या जोडीसाठी खिळे सुटे झाले, म्हणून आठव्या हाकेत 'मी' परत आला. पुनर्जन्म वगैरे काही नाही, खिळे खणात परत पडले एवढंच! ज्यावर बाईंनी तीन प्रकरणं लिहिली, आणि बाईंच्या त्या तीनांवर मॉर्व्हनने आपली दोन रचली, ते सगळं शिशाच्या टंचाईवर उभं होतं.

फक्त एक खोट राहिली. तिसऱ्या हाकेच्या जोडीत आय भरले वीस. पेटीत अठरा असताना वीस कुठून आले?

"तिसरी हाक गाळ," स्ट्रूअनने सल्ला दिला. "सगळे सातवीच वाचतात. तिसरीकडे कुत्रं फिरकत नाही."

"एल्स्पेथ फिरकतात."

"म्हणून तर म्हणतोय. तू त्यांचं घर पाडायला निघालीयस, त्यात वर स्वतःच्याच हातोड्याला तडा आहे म्हणून कशाला सांगतेस?"

"कारण आहे तो तडा."

स्ट्रूअनने हात जोडल्यासारखे केले. मॉर्व्हनला रात्री झोप येईना ती खोटेपणा करावा का या विचाराने नव्हे. तो तिला जमलाच नसता. तिला भीती होती बाईंच्या चेहऱ्याची. ज्यांच्यामुळे आपण वाचायला शिकलो त्यांना भर सभेत उताणं पाडायचं, आणि तेही त्यांच्या निरोपाच्या दिवशी? प्रबंध गेला तर आणखी एक लिहिता येईल, पण बाईंच्या मनातून उतरलो तर काय करायचं, हे तिला कळत नव्हतं.

म्हणून सोमवारी ती बाईंच्या खोलीवर गेली. रँकिनबाई 'गळालेला मी'च्या नव्या आवृत्तीची मुद्रितं तपासत होत्या. पाय टेबलावर, चष्मा कपाळावर, आणि हातात ओटच्या बिस्किटाचा अर्धा तुकडा.

"एल्स्पेथ, बुधवारचं मला तुम्हाला आधी सांगायचंय."

"नाही सांगायचं. माझा नियम माहितीय ना? विद्यार्थ्याचं वाचन मी सभेतच ऐकते, सगळ्यांबरोबर. आधी ऐकलं की तुमची बाजू घ्यायचा मोह होतो."

"ते तुमच्या पुस्तकाच्या विरुद्ध जातंय."

"मग तर आणखीच नाही." बाई हसल्या. "जाऊ दे की. तीस वर्षं सगळे माना डोलावताहेत, माझीच मान अवघडलीय."

"थोडंसं विरुद्ध नाही हो. पुरतं."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढून तिच्याकडे नीट पाहिलं. मॉर्व्हनला वाटलं, आता विचारतील. पण बाईंनी बिस्किटाचा तुकडा तोंडात टाकला आणि मुद्रितांकडे वळल्या. "बुधवारी, पोरी. आणि मोठ्याने वाच. मागच्या वेळी दुसऱ्या रांगेच्या पुढे एक अक्षर पोचलं नव्हतं."

बुधवारी दालन गच्च भरलं. शॉर्टब्रेडची ताटं फिरली, चहा फिरला, बाहेर नेहमीचा तिरका पाऊस. पहिल्या रांगेत केंब्रिजहून मुद्दाम आलेले डॉ. पियर्स ॲलर्टन बसले होते. रँकिनबाईंशी त्यांचा तीस वर्षांचा वाद. इफीवर त्यांचंही एक पुस्तक होतं, आणि त्यांच्या मते त्या कोऱ्या जागा म्हणजे अडाणी छपाईची चूक, बाकी काही नाही. मात्र हे सिद्ध करायला लागणारे कष्ट त्यांनी कधी घेतले नव्हते. बाईंना निरोप द्यायला आलोय असं ते सांगत होते, पण आतून गंमत बघायलाच आले असावेत.

मॉर्व्हनने मोठ्याने वाचलं. पेटी, अठरा खिळे, पानांच्या जोड्या, सातव्या हाकेत रिकामा झालेला खण, सगळं सांगितलं. 'गळालेला मी'चं नाव घेऊन, त्यातलं पान सांगून, "इथे प्राध्यापक रँकिन यांचं म्हणणं टिकत नाही" हे वाक्य न अडखळता उच्चारलं. आणि शेवटी म्हणाली, "तिसऱ्या हाकेत मात्र वीस आय आहेत. याचा उलगडा मला झालेला नाही. तिथे माझंही म्हणणं तुटतं."

मग ॲलर्टन मोठ्याने हसले.

"म्हणजे आत्म्याचं विसर्जन, आत्म्याचा पुनर्जन्म, आणि काय काय! सगळं कशामुळे? तर दुकानात शिसं कमी मिळालं म्हणून. वा! पोरगीने कमाल केली. एल्स्पेथ, हे मी किती वर्षं सांगतोय?"

लोकही हसले. मॉर्व्हनच्या अंगाची आग झाली. तिला ॲलर्टनची बाजू जिंकून द्यायची नव्हती. पण जे बोललो ते तर खरंच होतं, आणि खरं कुणाच्या पारड्यात पडेल ते आपल्या हातात नसतं. तिने बाईंकडे पाहिलं. बाई हसत नव्हत्या आणि रागावल्याही नव्हत्या. त्यांनी पिशवीतून आपली वापरून वापरून मऊ झालेली पुस्तिका काढली होती आणि तिसरी हाक उघडली होती.

"मॉर्व्हन, इकडे ये. उजव्या पानावर, तळाच्या चार ओळी. या दोन आयकडे बघ. काय दिसतं?"

मॉर्व्हन वाकली. "जरा फिके आहेत."

"फिके नाहीत, बुटके आहेत. विशीत असताना पाहिलं होतं मी. पुस्तकात तळटीपही घातलीय, 'झिजलेले खिळे' म्हणून. पुढे काही विचारच केला नाही. तू सत्रभर खिळे हाताळलेस. झिजलेला खिळा बुटका होतो का?"

"नाही." मॉर्व्हनच्या तोंडून शब्द निघाला आणि त्याच क्षणी तिच्या काळ्या झालेल्या बोटांना आठवलं. "नाही! झिजला तर कडा गोल होतात, उंची तीच राहते. हे आय नाहीतच, एल्स्पेथ. हा एक आहे! आकडा! या टाइपात एकचा आकडा बुटक्या आयसारखाच असतो. पानाच्या क्रमांकात बघा, पान अकरा!"

बाईंनी पान अकरा काढलं. मागच्या रांगेतून स्ट्रूअन ओरडला, "बरोबर! मी स्वतः फसलोय, तीन वेळा!"

आता कुणीच हसलं नाही. रँकिनबाईंनी पुस्तिका मिटली, पण बोट आतच ठेवलं. त्यांचा आवाज वर्गात असे तसा झाला, टोकदार आणि उत्सुक. "म्हणजे तिसऱ्या हाकेत आय संपले तेव्हा इफीने काय केलं?"

"एक लावून वेळ भागवली."

"युक्ती तिला ठाऊक होती. मग सातवीत?"

मॉर्व्हनला उत्तर दिसलं, आणि ते बोलायच्या आधीच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "सातवीत नाही लावली. एकचे खिळे शेजारच्याच खणात होते. तिने 'मी' शोधायला हात घातला, तो मिळाला नाही. मग तिने ती कोरी जागा पाहिली असणार. आणि तशीच ठेवली. तिने हे आधी योजलं नव्हतं, एल्स्पेथ. पण ही चूकही नव्हे, डॉ. ॲलर्टन. 'मी' संपला तेव्हा तिला कळलं, की तो संपलाच आहे."

ॲलर्टननी कपाळाला आठी घातली, चहाचा कप उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. हरणं त्यांना जमत नसे. ते म्हणाले, "ते असो. पण एल्स्पेथ, तुझी तीन प्रकरणं तर गेलीच की."

"गेली," बाई म्हणाल्या. "उद्या प्रकाशकाला कळवते, नवी आवृत्ती थांबवा म्हणून."

"तीस वर्षांचं काम गं! आणि तेही आजच्या दिवशी. वाईट वाटतं मला."

रँकिनबाई उठून उभ्या राहिल्या. त्या उंचीने बेताच्याच, पण त्या क्षणी दालनात त्यांच्याएवढं उंच कुणी नव्हतं. त्यांनी शाईने माखलेला मॉर्व्हनचा हात धरला आणि सगळ्यांना दिसेल असा वर केला.

"तुला वाईट वाटू दे, पियर्स. तुझं पुस्तक अजून कुणी खोडलं नाही, कारण ते नीट वाचायला तू कुणाला शिकवलंच नाहीस. मला खोडणारी मी माझ्या हाताने तयार केलीय. आहे तुझ्याकडे अशी एक तरी?"

मागे कुणीतरी टेबलावर थाप मारली, मग दुसऱ्याने, मग सगळ्या दालनाने. मॉर्व्हनला रडू आवरेना आणि लाजही वाटेना. आपण या बाईच्या हाताखाली शिकलो याचा तिला इतका अभिमान वाटला की छातीत मावेना. बाईंनी तिचा हात अजून खाली आणला नव्हता.